ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, मग व्हेंटिलेटर कशाला? श्वासाच्या गणितात दडलेलं उत्तर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात 'गिलियन बॅरे सिंड्रोम' म्हणजेच जीबीएसचे पेशंट अचानक वाढायला लागले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत यायला लागली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूकडे बोट दाखवलं गेलं. संशयित पेशंटचा आकडा २०० च्या वर गेला. आरोग्य विभागाच्या रोजच्या आकडेवारीत एक आकडा मात्र सगळे धास्तीने पाहत होते, तो म्हणजे आज किती जण व्हेंटिलेटरवर आहेत.

व्हेंटिलेटर हा शब्द आपल्या घराघरात शिरला तो कोविडमध्ये. तेव्हा आपण सगळेच एक समीकरण शिकलो: ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, आकडा ९४ च्या खाली आला की धावपळ करायची, फारच खाली गेला की व्हेंटिलेटर. हे समीकरण कोविडपुरतं बरंचसं चालून गेलं. जीबीएसमध्ये तेच समीकरण घात करू शकतं. इथे पेशंटचा ऑक्सिजन ९७-९८ दिसत असतानाच डॉक्टर "व्हेंटिलेटर लावावा लागेल" म्हणू शकतात, आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकाच्या मनात पहिला विचार येतो की बिल वाढवायचं काम चाललंय की काय!

प्रत्येक वेळी डॉक्टरांचा निर्णय बरोबरच असतो, असा दावा इथे करायचा नाही. पण ९८ आकडा दिसत असतानाही श्वास बंद पडण्याच्या बेतात असू शकतो, हे कसं, याचं उत्तर शंभरेक वर्षं जुन्या एका गणितात आहे. तेच गणित आज प्रत्येक व्हेंटिलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेलं आहे. चला, ते समजून घेऊ. बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे त्यात काही नाही.

स्ट्रॉला लावलेला फुगा

एका स्ट्रॉच्या टोकाला फुगा घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. तुमचा जोर दोन ठिकाणी खर्च होतो. एक, फुग्याचं रबर ताणायला. दोन, अरुंद स्ट्रॉमधून हवा ढकलायला. फुगा जितका ताठर आणि हवा जितकी जास्त, तितका पहिला खर्च मोठा. स्ट्रॉ जितकी बारीक आणि फुंकण्याचा वेग जितका जास्त, तितका दुसरा खर्च मोठा.

श्वासाच्या यांत्रिकीचं सर्वात साधं मॉडेल एवढंच आहे. फुगा म्हणजे फुप्फुसं आणि छातीचा पिंजरा मिळून, स्ट्रॉ म्हणजे श्वासनलिका. स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ रोरर यांनी श्वासनलिकेतल्या अडथळ्याचं गणित १९१५ मध्ये मांडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांच्या श्वासावर अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात काम झालं. त्यातूनच ओटिस, फेन आणि रान या तिघांनी १९५० मध्ये माणसाच्या श्वासाच्या यांत्रिकीवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. आज हे समीकरण साधारण असं लिहितात:

यंत्राचा दाब + स्नायूंचा दाब = (ताठरपणा × आत घेतलेली हवा) + (अडथळा × हवेचा वेग) + श्वास सोडल्यावर आत राखलेला दाब

डावीकडे जोर लावणारे दोघे आहेत, यंत्र आणि आपले स्वतःचे स्नायू. उजवीकडे त्या जोराचा खर्च आहे. आपण घरी बसून श्वास घेतो तेव्हा यंत्राचा दाब शून्य असतो, सगळं काम स्नायूच करतात. त्यातही मुख्य मजूर एकच: छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, डायफ्रॅम.

आता आकडे घालू. दाब मोजायचं इथलं माप आहे 'सेंटिमीटर पाणी'. स्ट्रॉने पाणी ६ सेंटिमीटर वर ओढायला जेवढा जोर लागतो, तो ६ सेंमी पाणी इतका दाब. निरोगी माणसात दर १०० मिली हवेमागे ताणाचा खर्च साधारण १ सेंमी धरा. एका शांत श्वासात ५०० मिली हवा आत जाते, म्हणजे ५ सेंमी. नलिकेतल्या अडथळ्याला आणखी १ सेंमी. एकूण झाले ६.

आणि आपली कमाल ताकद किती? निरोगी प्रौढ माणूस पूर्ण जोर लावून ८०-१०० सेंमीपर्यंत ओढू शकतो. वय, लिंग यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो. म्हणजे रोजच्या श्वासाला आपण कमाल ताकदीचा दहावा हिस्साही वापरत नाही. म्हणूनच श्वास घेतोय याची आपल्याला जाणीवही नसते.

एकच यंत्र, दोन उलटे आजार

हे समीकरण हातात आलं की कोविड आणि जीबीएसमधला फरक लगेच दिसतो.

गंभीर कोविडमध्ये (किंवा कोणत्याही मोठ्या न्यूमोनियात) बिघाड समीकरणाच्या उजव्या बाजूला होतो. फुप्फुसात पाणी आणि सूज येते, बरेच कप्पे बंद पडतात, फुगा ताठर होतो. १०० मिलीला १ सेंमीऐवजी ४ सेंमी लागायला लागतात. शिवाय बंद कप्प्यांवरून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळतच नाही, त्यामुळे ऑक्सिमीटरचा आकडा लवकर घसरतो. इथे स्नायू धडधाकट असतात, ओझंच वाढलेलं असतं.

जीबीएसमध्ये उजव्या बाजूला सुरुवातीला काहीच झालेलं नसतं. फुप्फुसं छान असतात, एक्स-रे स्वच्छ असतो. बिघाड असतो तो डाव्या बाजूला, स्नायूंच्या दाबात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. पाय लुळे पडतात, मग हात, आणि साधारण चार-पाच पेशंटमागे एकाला श्वासाच्या स्नायूंपर्यंत फटका बसतो. ओझं तेवढंच आहे, मजूरच थकलाय.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन मोजतो. मजूर किती थकलाय हे तो मोजत नाही. तो मोजतो परिणाम, आणि इथे परिणाम फार उशिरा दिसतो. किती उशिरा, ते आता पाहू.

सारखेच सात लिटर, तरी फरक

स्नायू अशक्त झाले की माणूस आपोआप एक युक्ती करतो: छोटे-छोटे श्वास भराभर घेतो. प्रत्येक श्वासाचा खर्च कमी होतो, म्हणून थकलेल्या स्नायूंना ते परवडतं. पण एक अडचण आहे. नाकापासून फुप्फुसाच्या आतल्या कप्प्यांपर्यंतच्या नळ्यांत साधारण १५० मिली हवा नुसती ये-जा करते. तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. रिक्षाच्या किमान भाड्यासारखं समजा, जवळ जा की लांब जा, तेवढे द्यावेच लागतात. श्वास कितीही छोटा घ्या, १५० मिली प्रत्येक वेळी वायाच जाणार.

आता हिशोब करू. शरीर मिनिटाला २०० मिली कार्बन डायऑक्साइड तयार करतं असं धरू, आणि जागा मुंबईसारखी समुद्रसपाटीची.

पहिली अवस्था: ५०० मिलीचे १४ श्वास. एकूण हवा ७ लिटर. कामाची हवा (५०० − १५०) × १४ = ४.९ लिटर. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे ३५. ऑक्सिमीटर ९७-९८. सगळं उत्तम.

दुसरी अवस्था: ३५० मिलीचे २० श्वास. एकूण हवा पुन्हा ७ लिटर. कामाची हवा २०० × २० = ४ लिटर. कार्बन डायऑक्साइड ४३. ऑक्सिमीटर ९६-९७. घरातलं कोणी या फरकाकडे लक्षही देणार नाही.

तिसरी अवस्था: २५० मिलीचे २८ श्वास. एकूण हवा तीच ७ लिटर! कामाची हवा १०० × २८ = २.८ लिटर. कार्बन डायऑक्साइड ६२. ऑक्सिमीटर ९१ च्या आसपास.

पहिल्या अवस्थेपासून तिसरीपर्यंत माणूस एकूण हवा तितकीच आत-बाहेर करतोय, उलट आता दुप्पट वेळा. पण कामाची हवा ४० टक्क्यांहून जास्त घटली आहे.

आता खरी मेख. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या मध्ये कोणीतरी काळजीपोटी नाकात ऑक्सिजनची नळी लावली, आणि आत जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन २१ वरून ३० टक्क्यांवर नेला, तर काय होईल? तिसऱ्या अवस्थेतही ऑक्सिमीटर पुन्हा ९८ दाखवेल. कार्बन डायऑक्साइड मात्र ६२ च्या ६२ च राहील. स्नायूंवरचा ताण फारसा हलका होणार नाही. आकडा सुधारला, माणूस सुधारला नाही.

याचा अर्थ ऑक्सिजन देऊ नये असा अजिबात नाही. ऑक्सिजन कमी पडत असेल तर तो द्यायलाच हवा. पण स्नायूंच्या आजारात ऑक्सिजन लावल्यावर आलेला ९८ आणि ऑक्सिजनशिवायचा ९८ हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसऱ्यावर थोडा भरवसा ठेवता येतो, पहिल्यावर नाही.

ही चूक पूर्वीही झाली होती

१९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ जण दगावले. रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसत होतं. पण तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला की शरीरात अल्कली वाढली आहे. त्वचा निळी दिसत नव्हती, म्हणजे ऑक्सिजन ठीक आहे, म्हणजे श्वास ठीक आहे, असा समज होता.

भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी हा समज खोडून काढला. त्यांचं म्हणणं होतं की हे पेशंट कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत, त्यांचा श्वासच अपुरा पडतोय. गळ्यात छिद्र करून नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरायची, हा त्यांचा उपाय. पिशव्या दाबायला वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

त्यातून लगेच पुढचा प्रश्न आला: पिशवी किती दाबायची? कोणाला किती हवा? १९५४ मध्ये एडवर्ड रॅडफर्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचा तक्ताच छापला. पेशंटचं वजन आणि श्वासाची गती यांवरून एका श्वासाला किती मिली द्यायचे ते पट्टी लावून वाचता यायचं. श्वासाचं गणित खाटेपाशी पोचलं ते असं. त्याच्या मुळाशी पोलिओ होता. पोलिओसुद्धा जीबीएससारखाच समीकरणाच्या डाव्या बाजूचा आजार, हे लक्षात घ्या.

मग डॉक्टर मोजतात काय?

ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवायचा नाही, तर ठेवायचा कशावर? जीबीएसमध्ये वापरला जाणारा एक ठोकताळा '२०-३०-४०' म्हणून ओळखला जातो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तो मांडला. पूर्ण श्वास भरून पूर्ण सोडल्यावर बाहेर येणारी हवा किलोमागे २० मिलीच्या खाली, आत ओढण्याची कमाल ताकद ३० सेंमीच्या खाली, किंवा बाहेर फुंकण्याची कमाल ताकद ४० सेंमीच्या खाली गेली, तर श्वास बंद पडण्याचा धोका मोठा. यातलं काहीही बोटाला चिमटा लावून कळत नाही.

पण ३० च का? शांत श्वासाला तर ६ च लागतात. चांगली पाचपट शिल्लक आहे की!

इथे पुन्हा गणित लावू. १९७७ मध्ये रूसोस आणि मॅकलेम यांनी दाखवून दिलं की डायफ्रॅम आपल्या कमाल ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांहून जास्त जोर सतत लावू शकत नाही, तो थकतो. ३० पैकी ६ म्हणजे २० टक्के. वरवर पाहता जागा शिल्लक आहे. पण एवढ्या अशक्त माणसाला नीट खोकता येत नाही. कफ साचतो, फुप्फुसाच्या खालच्या भागातले कप्पे मिटायला लागतात. समजा, त्यामुळे ताठरपणा दुप्पट झाला. आता त्याच श्वासाला ५ ऐवजी १० आणि अडथळ्याचा १, असे ११ सेंमी लागतील. ३० पैकी ११ म्हणजे ३७ टक्के. म्हणजे एका दमात आपण उंबरठ्यावर आलो. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून घाईमागचं कारण कळतं: डावी बाजू खचत असतानाच उजवी बाजू फुगायला लागते, आणि दोन्ही रेषा अपेक्षेपेक्षा फार लवकर एकमेकींना गाठतात. रात्री दोन वाजता श्वास बंद पडल्यावर घाईघाईत नळी घालण्यापेक्षा, दिवसा, सगळी तयारी असताना घातलेली बरी, असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी.

यंत्राला काय माहीत असतं आणि काय नसतं

आता यंत्राकडे वळू. व्हेंटिलेटर प्रत्यक्षात दोनच गोष्टी मोजतो: नळीतला दाब आणि हवेचा वेग. वेगाची वेळेवर बेरीज करत गेलं की किती मिली हवा गेली ते कळतं. मग वरच्या समीकरणात हे आकडे घालून तो ताठरपणा आणि अडथळा काढतो आणि स्क्रीनवर दाखवतो.

पण समीकरणात डावीकडे 'स्नायूंचा दाब' आहे ना? तो यंत्राला दिसत नाही. तो मोजायचा तर अन्ननलिकेत बारीक फुगा असलेली नळी सोडावी लागते, आणि ते काही रोज सगळीकडे होत नाही. त्यामुळे बऱ्याचदा गणित करताना तो शून्य धरला जातो. पूर्ण लुळ्या पडलेल्या जीबीएसच्या पेशंटमध्ये हे गृहीतक जवळजवळ खरं ठरतं. म्हणूनच त्याच्या बाबतीत यंत्रावरचा ताठरपणाचा आकडा चांगला विश्वासार्ह असतो. काल १०० मिलीला २ सेंमी लागत होते आणि आज ४ लागतायत, तर फुप्फुसात काहीतरी नवं घडतंय, कदाचित न्यूमोनिया, हे तापाच्या आधीही तो सुचवू शकतो. पण पेशंट सुधारायला लागला, स्वतः थोडा-थोडा श्वास ओढायला लागला, की तेच गृहीतक खोटं पडतं. स्क्रीनवर आकडा तसाच रुबाबात झळकत असतो, फक्त त्याचा अर्थ बदललेला असतो.

दुसरी गोष्ट आणखी साधी आहे: उंची. एका श्वासाला किती हवा द्यायची हे वजनकाट्यावरच्या वजनावरून ठरवत नाहीत. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. त्यासाठी उंचीवरून 'अपेक्षित वजन' काढतात. बायकांसाठी ४५.५ + ०.९१ × (उंची सेंमीमध्ये − १५२.४), पुरुषांसाठी ४५.५ च्या जागी ५०. १५० सेंमी उंचीच्या बाईचं अपेक्षित वजन येतं सुमारे ४३ किलो, मग प्रत्यक्षात ती ७० किलोची असली तरी. १७० सेंमीच्या पुरुषाचं येतं ६६ किलो.

सूज आलेल्या फुप्फुसाला किलोमागे १२ ऐवजी ६ मिली हवा दिली तर जीव वाचतात, हे २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. ८६१ पेशंटच्या त्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. ६ मिलीप्रमाणे त्या बाईला एका श्वासाला द्यायचे २६० मिली, त्या पुरुषाला ३९६. कोणी उंची न मोजता दोघांनाही 'नेहमीचे' ५०० लावले, तर पुरुषाला किलोमागे साडेसात मिली मिळतील आणि बाईला साडेअकरा. म्हणजे जुन्या, घातक मानल्या गेलेल्या प्रमाणाच्या जवळपास. फुप्फुस ताठर असेल, १०० मिलीला ४ सेंमी, तर ५०० मिलीला ताणाचा दाब २० सेंमी होतो, २६० मिलीला साडेदहा. २०१५ मध्ये नऊ चाचण्यांमधल्या ३,५६२ पेशंटची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हाच दाब मृत्यूच्या धोक्याशी सर्वात जवळून जोडलेला दिसला. साधारण १५ च्या वर तो असू नये, असं आज मानतात.

बुटक्या स्त्रियांना हे सुरक्षित प्रमाण कमी वेळा मिळतं, असं पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांतही दिसलं आहे. आपल्याकडे दीड मीटर उंचीच्या बायका घरोघरी आहेत. बेशुद्ध, आडव्या माणसाची उंची नजरेने ठरवणं ही क्षुल्लक वाटणारी सवय इथे थेट फुप्फुसावर बेतते. टेप घेऊन मोजायला एक मिनिट लागतं.

एआय आला, तरी टेप लागणारच

सध्या 'स्वतःच निर्णय घेणारा व्हेंटिलेटर', 'आयसीयूमधला एआय', 'फुप्फुसाचा डिजिटल जुळा' असे शब्द जोरात आहेत. कल्पना नवी नाही. 'अ‍ॅडॅप्टिव्ह सपोर्ट व्हेंटिलेशन' ही पद्धत वर्षानुवर्षं वापरात आहे. ओटिस आणि मंडळींच्या १९५० च्या समीकरणावरून, कमीत कमी कष्टात श्वास होईल अशी गती आणि हवा यंत्र स्वतः निवडतं. पण त्याला सुरुवातीला सांगावं काय लागतं? पेशंटची उंची आणि लिंग. म्हणजे यंत्र कितीही हुशार असलं, तरी नजरेने टाकलेली चुकीची उंची ते इमानदारीने खरी मानून पुढचं सगळं गणित अचूक करणार!

दुसरी मर्यादा मॉडेलची. एक स्ट्रॉ आणि एक फुगा हे चित्र सोयीचं आहे, पण फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. आजारी फुप्फुसात काही मिटलेले, काही अति ताणलेले असतात. इटलीचे लुचानो गॅटिनोनी यांनी म्हणूनच 'बेबी लंग' ही कल्पना मांडली: प्रौढाच्या छातीत हवा घेणारा भाग लहान बाळाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. एका फुग्याचं मॉडेल सरासरी सांगतं. त्या सरासरीत एखादा कोपरा फाटत असेल तर ते सांगत नाही.

तिसरा मुद्दा आपल्या राज्यातल्याच अनुभवाचा. २०२१ मध्ये मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. यंत्रंच सदोष आहेत, असं एक बाजू म्हणत होती. ती नीट चालवली जात नाहीत, असं दुसरी. कोण बरोबर होतं, यात इथे शिरायचं नाही. पण असा वाद तपासायचं साधन स्वस्त आणि साधं आहे: 'टेस्ट लंग', म्हणजे ठरावीक ताठरपणाची स्प्रिंग आणि ठरावीक अडथळ्याची नळी असलेलं खोटं फुप्फुस. त्याचा ताठरपणा १०० मिलीला २ सेंमी ठेवला आणि यंत्राला ४०० मिली द्यायला सांगितलं, तर हवा थांबल्यावर दाब ८ सेंमीने वाढलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर गळती आहे किंवा मोजमाप चुकतंय. समीकरणच हातात धरता येईल अशा वस्तूत उतरवलेलं आहे. यंत्र पेशंटला जोडण्याआधी आणि नंतर ठरावीक दिवसांनी ही तपासणी होते का, हा प्रश्न 'जिल्ह्यात किती व्हेंटिलेटर आले' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. बातम्यांत मात्र दुसराच विचारला जातो.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

हात-पाय झपाट्याने अशक्त होत असतील तर घरी थांबून ऑक्सिमीटर पाहत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. वाटेत आणि वॉर्डात लक्ष ठेवायच्या गोष्टी यंत्राशिवायही दिसतात: एक वाक्य सलग बोलता येतंय का, की मध्येच श्वास घ्यावा लागतोय? खोकला जोरात निघतोय का? उशीवरून मान उचलता येतेय का?

आणखी एक जुनी, बिनखर्चाची चाचणी डॉक्टरही वापरतात. पूर्ण श्वास भरून, एका दमात, मोठ्याने आकडे मोजायचे, सेकंदाला साधारण दोन. निरोगी माणूस ४०-५० पर्यंत सहज जातो. २० च्या आत अडकायला लागला तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. मराठीत मोजताना 'एकोणतीस' आणि 'दहा' यांना सारखा वेळ लागत नाही, त्यामुळे एकट्या आकड्याला फार चिकटू नका. त्याच माणसाने, त्याच वेगाने, दर दोन-तीन तासांनी मोजायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. सकाळी ३५, दुपारी २८, संध्याकाळी २१ अशी उतरण दिसली, तर ऑक्सिमीटरवर ९८ असला तरी वाट पाहायची नाही.

आणि डॉक्टर व्हेंटिलेटरचं बोलले तर दोन प्रश्न जरूर विचारा: "श्वासाची ताकद किती आली? कार्बन डायऑक्साइड किती आहे?" आणि नळी घातल्यानंतर तिसरा: "उंची टेपने मोजली का?"